‘ज्ञानगंगा घरोघरी’ ते ‘स्वयम्’ : दोंडाईचातून पाहिलेला मुक्त शिक्षणाचा प्रवास (थ्रेड)

दोंडाईचा म्हटले की मिरचीचा बाजार आठवतो आणि सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे स्थानक. चार तालुक्यांची मिरची या गावाकडे येते. पदवीचा कागद मात्र पूर्वी फार लांबून येत असे. १९९० पर्यंत धुळे-जळगावची महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. शिंदखेडा तालुक्यातील विद्यार्थ्याचे विद्यापीठ त्याच्या घरापासून तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर होते. जळगावचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झाले. २०१८ मध्ये त्याला ज्यांचे नाव देण्यात आले, त्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते.

परंतु खान्देशाला स्वतःचे विद्यापीठ मिळण्याच्या वर्षभर आधीच, १ जुलै १९८९ रोजी, नाशिकला एक निराळे विद्यापीठ सुरू झाले होते. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. भौतिकशास्त्राच्या अनेक पिढ्यांना त्यांचे नाव यामिकीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकामुळे ठाऊक आहे. मुक्त विद्यापीठात त्यांनी मांडलेला प्रश्न मात्र यामिकीहून अवघड होता. ज्याची शाळा चौथीत-सातवीत सुटली, जो दिवसभर शेतात किंवा दुकानात असतो, जिला घर सोडून जाता येत नाही, त्यांच्यापर्यंत विद्यापीठ कसे न्यायचे?

उत्तर साधे होते. विद्यार्थी एकट्याने वाचू शकेल अशी मराठी पुस्तके, स्थानिक महाविद्यालयातच अभ्यासकेंद्र, सुटीच्या दिवशी संपर्कसत्रे आणि शालेय शिक्षण अपुरे राहिलेल्यांसाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे बोधवाक्य तेव्हा पुस्तकाच्या गठ्ठ्यातून घरी येत असे. आज ज्याला आपण ऑनलाइन शिक्षण म्हणतो, त्याची खरी पूर्वपीठिका महाराष्ट्रात संगणकाने नव्हे, तर या गठ्ठ्याने घातली.

आता दुसरे टोक. २००८ साली कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी एक अभ्यासक्रम जगाला खुला केला. शुल्क भरणारे विद्यार्थी पंचवीसच्या आसपास. इंटरनेटवरून विनामूल्य सामील झालेले दोन हजारांहून अधिक. या प्रकाराला डेव्ह कॉर्मिए यांनी नाव दिले : मॅसिव्ह ओपन ऑनलाइन कोर्स. आद्याक्षरे जुळवली की उच्चार होतो ‘मूक’. मराठी कानाला यात विनोद दिसतो, पण मूळ कल्पना मूक नव्हतीच. तेथे शिकणाऱ्यांनीच लिहायचे, बोलायचे, एकमेकांना शिकवायचे होते.

व्याख्यान ऐकणारा प्रचंड वर्ग ही पुढची पायरी. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या सबॅस्टियन थ्रून आणि पीटर नॉर्विग यांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासक्रमाला सुमारे १,६०,००० जणांनी नावे नोंदवली. २०१२ मध्ये कोर्सेरा आणि एडएक्स ही व्यासपीठे उभी राहिली. एडएक्सचा पहिला अभ्यासक्रम विद्युत परिपथांवरचा होता आणि तो शिकवणाऱ्यांत मूळचे मंगळूरचे अनंत अगरवाल होते. नोंदणी सुमारे १,५५,०००; उत्तीर्ण ७,१५७. त्यात पैकीच्या पैकी गुण मिळवणारा उलानबातरचा एक पंधरा वर्षांचा मुलगाही होता. वृत्तपत्रांनी त्या मुलाची गोष्ट आवडीने छापली. शंभरातील पंचाण्णव कुठे गळाले, हा प्रश्न तुलनेने कमी विचारला गेला.

भारतात याचा पाया आधीच पडला होता. २००३ मध्ये सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी एनपीटीईएल हा प्रकल्प सुरू केला आणि व्याख्याने ध्वनिचित्रित होऊ लागली. २०१४ पासून त्यांना परीक्षा व प्रमाणपत्राची जोड मिळाली. ९ जुलै २०१७, गुरुपौर्णिमा. त्या दिवशी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘स्वयम्’ हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले. त्याच्या दहाच महिने आधी, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओची सेवा बाजारात आली होती. सरकारी योजनेच्या इतिहासात या खासगी घटनेचा उल्लेख सहसा नसतो. पण स्वस्त डेटा नसता, तर तासभराचे व्याख्यान दोंडाईचातल्या मोबाइलवर किती जणांनी पाहिले असते?

‘स्वयम्’ची रचना चार भागांची आहे : व्याख्यानाची चित्रफीत, वाचनसाहित्य, शंकांची चर्चा आणि स्वतःची चाचणी. अभ्यासक्रम सहसा चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे. शिकणे विनामूल्य, प्रमाणपत्र हवे असेल तर परीक्षेचे शुल्क भरून नेमलेल्या केंद्रावर जावे लागते. म्हणजे वर्ग घरी आला, तरी परीक्षेसाठी एसटी पकडावी लागते ती लागतेच. या प्रमाणपत्राला महाविद्यालयीन श्रेयांक जोडण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये २० टक्क्यांपर्यंत दिली, २०२१ मध्ये ती ४० टक्के केली. गावच्या महाविद्यालयात जो विषय शिकवायला प्राध्यापकच नाही, तो विषय पदवीत मोजला जाण्याची वाट यामुळे उघडली.

अडचण भाषेची राहिली. दोंडाईचाच्या घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि व्याख्यानात इंग्रजी. मुक्त विद्यापीठाने १९८९ मध्ये जे गृहीत धरले होते, की शिकणाऱ्याच्या भाषेतच पुस्तक हवे, ते नव्या व्यासपीठांनी आरंभी धरलेच नाही. त्याला अपवाद ठरला आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने तयार झालेले हे दहा-दहा मिनिटांचे संगणक-पाठ. पडद्यावरचे शब्द इंग्रजीच, पण समजावणारा आवाज मराठी. इंटरनेट नसलेल्या संगणकावरही ते चालतील अशी सोय त्यात होती. पाठ उतरवून घ्यायचे आणि गठ्ठ्यातल्या पुस्तकासारखे हातोहात पुढे द्यायचे.