शिक्क्याच्या सिद्धान्ताची कुळकथा

मार्च १९१४. न्यूयॉर्कमध्ये थंडी आणि बेकारी दोन्ही जोरात होत्या. हॉटेलात पडेल ते काम करणारा फ्रँक टॅनेनबॉम नावाचा पोरगा बेकारांचा घोळका घेऊन चर्चच्या दारात जाई आणि रात्रीपुरता आसरा मागे. एका चर्चमध्ये पोलीस आले, धरपकड झाली आणि त्याला ब्लॅकवेल्स बेटावरच्या तुरुंगात वर्षाची शिक्षा लागली. सुटल्यावर तो कोलंबिया विद्यापीठात शिकला आणि पुढे तिथंच इतिहासाचा प्राध्यापक झाला. तुरुंगांवर मात्र लिहीत राहिला. समाजशास्त्रात ज्याला ‘लेबलिंग थिअरी’ म्हणतात त्या शिक्क्याच्या सिद्धान्ताचं मूळ त्याच्या १९३८च्या ‘क्राइम अँड द कम्युनिटी’ या पुस्तकात आहे.

त्याआधी बराच काळ गुन्हेगारी माणसाच्या अंगात शोधली जात होती. इटलीचा डॉक्टर लोम्ब्रोसो १८७६ साली कवट्या मोजून ‘जन्मजात गुन्हेगार’ दाखवत होता. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खेमनं १८९५ साली गुन्हा ही कुठल्याही समाजातली स्वाभाविक गोष्ट ठरवली, तेव्हा कुठे प्रश्न कवटीतून बाहेर आला.

टॅनेनबॉमनं तो थेट गल्लीत आणला. पोरं काचा फोडतात, छपरांवर चढतात, हातगाडीवरून फळं लांबवतात. त्यांच्या लेखी हा खेळ असतो, मोठ्यांच्या लेखी उच्छाद. तक्रार होते, पोलीस येतात, कोर्ट होतं. आता खोडीपुरतं कुणी बोलत नाही, पोरगाच वाईट ठरतो. मग त्याला जवळ करणारी टोळी तेवढी उरते. सुधारायला निघालेली माणसंच या घडणीला हात लावतात, असं त्याचं म्हणणं. त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनचा निबंध आला: श्रीमंतीचं स्वप्न सगळ्यांना, वाट मोजक्यांना, म्हणून काहीजण आडवाटेनं जातात. पाठ्यपुस्तकांत मर्टन मोठा झाला. मला विचाराल तर तुरुंगाची हवा खाल्लेल्याचं निरीक्षण अधिक बोचरं आहे.

१९५१ मध्ये एडविन लेमर्ट या समाजशास्त्रज्ञानं टॅनेनबॉमच्या मांडणीतली एक गाठ सोडवली. पहिली चूक कशानंही होते, शिक्का बसल्यानंतरच्या चुका वेगळ्या. मग हॉवर्ड बेकर आला. हा शिकागोच्या बारमध्ये पियानो वाजवणारा. जॅझवाले आणि गांजा ओढणारे त्याच्या रोजच्या बैठकीतले. १९६३च्या ‘आउटसायडर्स’मध्ये तो म्हणतो, नियम कोण करतं आणि कुणाला लावतं ते आधी पाहा.

हे सगळं अमेरिकेत लिहिलं जाण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे सरकारनंच शिक्के तयार केले होते. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं आख्ख्या जमाती वहीत चढल्या. १९११च्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. सोलापुरात काटेरी तारांच्या आत ‘सेटलमेंट’ उभी राहिली. हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर पास, पासशिवाय दिसलात तर तोच गुन्हा. चोरी केलीच पाहिजे अशी अट नव्हती. आत जन्मलेल्या पोराचा पत्ताच त्याच्या विरोधातला पुरावा. टॅनेनबॉमच्या गल्लीतल्या पोराला निदान काच तरी फोडावी लागे.

शिक्क्याच्या सिद्धान्तावर एक रास्त आक्षेप आहे: पहिली चोरी का होते, हे तो सांगत नाही. सोलापूरपुरता हा आक्षेप लंगडा पडतो, कारण इथे शिक्का आधीच मारलेला होता.

३१ ऑगस्ट १९५२ला केंद्रानं गुन्हेगार जमाती कायदा रद्द केला. भटके-विमुक्त आजही हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. १९५९ला मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. त्यात जात-जमात नाही, वारंवार शिक्षा झालेली व्यक्ती धरली आहे. नोंदवही आणि राहत्या जागेची खबर देणं मात्र कायम. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ हे आत्मकथन आलं १९८७ला, म्हणजे कायदा जाऊन पस्तीस वर्षं लोटल्यावर, आणि त्यातला पोलीस अजून दार वाजवतच असतो.