दहा राग, एक डिस्को ठेका आणि वीस वर्षे उशिरा आलेला श्रोता

(थ्रेड)

१.
१९८२ साली मुंबईतून एक ध्वनिमुद्रिका निघाली. नाव : 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. वादक : चरणजित सिंग. प्रकाशक : ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया, म्हणजे आपली 'एचएमव्ही'. बाजारात ती चालली नाही आणि लवकरच विस्मरणात गेली. आज इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचे जगभरचे श्रोते तिच्याविषयी आदराने बोलतात. मधल्या काळात काय घडले आणि ही तबकडी कशी ऐकावी, हे या थ्रेडमध्ये पाहू.

२.
चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातील वादक. गिटार, बास गिटार आणि पुढे विजेवर चालणारी कळफलकाची वाद्ये ते वाजवत. राहुलदेव बर्मन यांच्यासारख्या संगीतकारांच्या ध्वनिमुद्रणांत त्यांनी साथ केली. त्या काळी गाण्याच्या तबकडीवर गायक, गीतकार, संगीतकार यांची नावे असत; साथीदारांची सहसा नसत. लक्षावधी लोकांनी त्यांचे वादन ऐकले, नाव मात्र मोजक्यांनाच ठाऊक होते. हा मुद्दा लक्षात ठेवा. शेवटी तो पुन्हा उपयोगी पडणार आहे.

३.
काळ डिस्कोचा होता. १९८० च्या 'कुर्बानी'त बिद्दू यांनी संगीत दिलेले आणि नाझिया हसनने गायलेले 'आप जैसा कोई' गाजले. १९८१ मध्ये 'डिस्को दीवाने' आला आणि १९८२ मध्ये बप्पी लाहिरींच्या संगीताचा 'डिस्को डान्सर'. ठेका सर्वांनी उचलला होता. चरणजित सिंग यांनी त्याच ठेक्यावर गाण्याऐवजी राग ठेवला आणि तबला पूर्णपणे बाजूला काढला. गायक नाही, शब्द नाहीत, साथीला माणूसही नाही.

४.
साधने तीन, तिन्ही जपानच्या रोलँड कंपनीची. 'टीआर-८०८' हे १९८० साली आलेले ठेका देणारे यंत्र. 'ज्युपिटर-८' हा १९८१ चा सिंथेसायझर. रागाची धून त्यावर वाजते. तिसरे 'टीबी-३०३', खर्जाच्या स्वरांचे छोटेसे यंत्र. साथीला बास गिटारवादक नसेल तर गिटारवादकाने एकट्याने सराव करावा, यासाठी ते बनवले होते. त्या कामात ते अपयशी ठरले आणि १९८४ च्या सुमारास त्याचे उत्पादन थांबले.

५.
हे तिसरे यंत्र नीट समजून घ्या, कारण सारी गंमत त्यात आहे. त्यात सोळा घरे असतात. प्रत्येक घरात एक स्वर भरायचा. यंत्र तो क्रम न थकता पुन्हा पुन्हा वाजवते. एखाद्या स्वरावर जोर देता येतो, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरतही जाता येते. शिवाय काही खुंट्या असतात. त्या फिरवल्या की तोच स्वर कधी घशातून आल्यासारखा दबका, तर कधी चिरका, ओलसर, किंचाळणारा होतो. स्वर बदलत नाही; त्याचा रंग बदलतो.

६.
हिंदुस्तानी संगीताच्या जाणकाराला इथे एक ओळखीची गोष्ट दिसेल. स्वरावरून स्वरावर अखंड सरकणे म्हणजे मींड. साध्या हार्मोनियमवर मींड काढता येत नाही, म्हणूनच रागसंगीतात त्या पेटीवर इतके वाद झाले. या जपानी यंत्राच्या कर्त्यांपुढे मींड नव्हती, तरी तिची एक ठोकळ छाया त्यात उतरली होती. सतारीची किंवा कंठाची सूक्ष्मता त्यात नाही, हे खरेच. तरीही रागाच्या कानाला यंत्र परके वाटू नये, इतपत ती पुरते.

७.
आता तबकडीवरचे राग क्रमाने पाहा. पहिली बाजू : भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती. दुसरी बाजू : मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. मैफल जिने संपते, त्या भैरवीनेच ही तबकडी उघडते. दुसऱ्या बाजूवर यमन संध्याकाळचा, कलावती रात्रीचा, मालकंस उत्तररात्रीचा आणि बैरागी पहाटेचा. पावसाचा मेघ ऐकून पुढे गेलो की रात्र चढत जाऊन पहाट उजाडल्यासारखे वाटते.

८.
एक खुलासा. 'भूपाळी' म्हटले की आपल्याला देवाला जागवण्याची पहाटेची गीते आठवतात. राग भूप मात्र रात्रीच्या पहिल्या प्रहरी गायला जातो. त्यात पाचच स्वर : सा, रे, ग, प, ध. मालकंसातही पाचच, पण गंधार, धैवत, निषाद कोमल. पाच स्वरांचे राग या यंत्रावर विशेष खुलतात. स्वर कमी, त्यामुळे सोळा घरांतील नक्षी कानाला लवकर सापडते. नवख्या श्रोत्याने सुरुवात भूपाळी आणि मालकंस यांपासून करावी.

९.
मग तबकडी का चालली नाही? शास्त्रीय संगीताच्या रसिकाला तीत तबला, तानपुरा, आलापाचा विस्तार नव्हता. डिस्कोच्या चाहत्याला शब्द आणि गाणे नव्हते. दुकानदाराने ती कोणत्या कप्प्यात ठेवावी, हाच प्रश्न. आमचे पुसेगाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. मराठवाड्यातील अशा गावांत संगीत पोहोचे ते रेडिओवरून आणि पुढे कॅसेटमधून. रेकॉर्ड प्लेअर ही मोजक्या घरांची चैन होती. तबकडी श्रोत्यापर्यंत पोहोचण्याची वाटच अरुंद होती.

१०.
आता आपल्याला शिकागोला जायचे आहे. बंद पडलेले 'टीबी-३०३' तिथे जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागले. डीजे पिअर, स्पँकी आणि हर्ब जे या तरुणांनी 'फ्यूचर' या नावाने त्याच्या खुंट्या मनसोक्त फिरवल्या. त्यातून 'अॅसिड ट्रॅक्स' हा दीर्घ तुकडा तयार झाला. रॉन हार्डी यांनी तो 'म्युझिक बॉक्स' या क्लबमध्ये लोकांना ऐकवला आणि १९८७ साली त्याची तबकडी निघाली. या शैलीला 'अॅसिड हाउस' म्हणतात. पुढे ती इंग्लंडमध्ये वणव्यासारखी पसरली.

११.
२००२ साली एदो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीतील एका दुकानात चरणजित सिंग यांची ती जुनी तबकडी सापडली. ऐकून तो चकित झाला. अॅसिड हाउसचा तोच ओलसर खर्ज, तोच अढळ ठेका. आणि वर्ष १९८२! पुढे तो मुंबईत येऊन वादकाला भेटला. २०१० साली बाउमनच्या 'बॉम्बे कनेक्शन' या संस्थेने तबकडी पुन्हा प्रकाशित केली. दिल्लीतील त्या दुकानात येईपर्यंत श्रोत्याला वीस वर्षे उशीर झाला होता.

१२.
पुनर्प्रकाशनानंतर काहींनी शंका काढली : हा नंतरच्या काळातील कोणा युरोपीय कलावंताचा बनाव तर नाही? इतिहासाच्या विद्यार्थ्याने शंकेचा राग मानू नये; ती तपासावी. मूळ तबकडी अस्तित्वात आहे. तिच्यावर प्रसिद्ध कंपनीचे नाव आहे. वापरलेली तिन्ही यंत्रे १९८२ पूर्वी बाजारात आली होती. वादक हयात होता आणि स्वतः त्याविषयी सांगत होता. वस्तू, काळ आणि साक्ष ही तिन्ही एकमेकांशी जुळतात. ताम्रपट तपासताना आपण याहून वेगळे काय करतो?

१३.
इथे एक सावधगिरीची सूचना. 'अॅसिड हाउसचा शोध भारताने लावला' अशा ओळी समाजमाध्यमांवर फिरतात. त्या पुढे ढकलू नका. शिकागोचे तरुण ही तबकडी ऐकून घडलेले नव्हते, आणि चरणजित सिंग यांना शिकागोची चाहूलही नव्हती. एकाच यंत्रापुढे दोन निराळ्या परंपरांतील माणसे बसली आणि दोघांनाही त्यात निर्मात्याला न दिसलेले काही दिसले. आधी घडलेली गोष्ट नंतरच्या गोष्टीचे कारण असतेच असे नाही. पहिलेपणाच्या मानापेक्षा हा योग कितीतरी अधिक विलक्षण आहे.

१४.
एक अल्बम सापडला की त्याच्या मागे जावे. मागे गेलो तर अहमदाबाद लागते. तेथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला. गीता साराभाई, आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तिथे प्रयोग केले. त्या फिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. पॉल पुरगस या ब्रिटिश कलावंताने त्या शोधल्या आणि २०२३ साली त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. इथेही तेच : काम झाले होते, ऐकणारा उशिरा आला.

१५.
काळात पुढे आलो तर गोवा लागते. हणजुणच्या किनाऱ्यावरील रात्रभराच्या नृत्यमेळ्यांतून १९९० च्या दशकात 'गोवा ट्रान्स' घडले. गोवा गिल (१९५१–२०२३) हे त्यातले सर्वांत परिचित नाव. उन्हात तबकड्या वाकत, म्हणून इथले वादक डिजिटल फिती वापरत. पुष्कळसे संगीत हातोहात फिरलेल्या फितींतच राहिले. १९९५ चा हॅल्युसिनोजेनचा 'ट्विस्टेड' हा या शैलीतील ठळक अल्बम. खुंटीने रंग बदलणारा तोच चिरका स्वर तुम्हाला त्यात वेगळ्या वेगाने भेटेल.

१६.
आता ऐकण्याविषयी. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून खर्ज जवळजवळ नाहीसाच होतो; म्हणजे 'टीबी-३०३'चा जीवच जातो. साधे वायरचे इअरफोन पुरेत. उलट वरातीतल्या डीजेच्या भिंतीतून ठोका छातीवर आदळतो, पण स्वरांची नक्षी धुळीस मिळते. या दोहोंच्या मधली जागा शोधा. एक पूर्ण बाजू सलग ऐका. पहिल्या वेळी फक्त धून, दुसऱ्या वेळी फक्त खालचा खर्ज, तिसऱ्या वेळी दोन्ही. तिसऱ्या ऐकण्यात कान स्वतःच मार्ग काढतो.

१७.
'तेच तेच वाजते' ही या संगीतावरची नेहमीची तक्रार. पण आपण तर संत नामदेवांच्या नरसीच्या परिसरातली माणसे. वीणेकऱ्याचा स्वर सप्ताहभर खाली ठेवला जात नाही. भजनात एकच चरण टाळांच्या गजरात पुन्हा पुन्हा येतो, लय चढते, आणि त्या आवर्तनात काही बदलते ते ऐकणाऱ्याच्या आत. दोन्हींचे हेतू भिन्न आहेत. त्यांना एक ठरवू नये. परंतु पुनरावृत्तीत रमणारा कान आपल्याकडे आधीपासून तयार आहे, एवढे निश्चित.

१८.
पुनर्प्रकाशनानंतर चरणजित सिंग यांना नवे आयुष्य लाभले. सत्तरीत ते परदेशांतील मंचांवर उभे राहिले आणि जन्मही झाला नव्हता तेव्हाचे हे राग तरुणांनी त्यांच्यासमोर नाचत ऐकले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. वाद्यवृंदात बसून ज्याचे नाव कुठे छापले जात नव्हते, त्या वादकाची ओळख अखेर त्याच्या स्वतःच्या तबकडीने करून दिली. अनेक साथीदारांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही.

१९.
म्हणून एक विनंती. मराठवाड्यात १९८० आणि १९९० च्या दशकांत भीमगीते, भारुडे, लग्नाची गाणी, बँजो पार्ट्या यांच्या असंख्य कॅसेट निघाल्या. त्यांत कीबोर्ड होते, ऑक्टोपॅड होते, आणि ते वाजवणारे बहुधा अनाम होते. या कॅसेट आज माळ्यावर, ट्रंकेत, बंद पडलेल्या दुकानात बुरशी धरत आहेत. अभिलेखागारात त्यांची नोंद सापडणे कठीण.

२०.
घरी अशी कॅसेट असेल तर फेकू नका. वेष्टनाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्या. कंपनी, गाव, वर्ष, वादकांची नावे लिहून ठेवा. वेष्टनावर नसतील तर गावातल्या जाणत्या माणसांना विचारा. जमल्यास ध्वनी मोबाइलवर उतरवून घ्या. चरणजित सिंग यांची तबकडी वाचली, कारण तिच्यावर नाव होते आणि एका दुकानात एक प्रत शिल्लक होती. इतिहासाला कधी कधी एवढेच पुरते. तुमच्याकडे कोणती कॅसेट आहे, ते खाली अवश्य लिहा.