‘कर्माची फळं’ म्हणजे नेमकं काय? खुलभर दूध, चोखोबा आणि १९६६ चा एक प्रयोग

रस्त्यावर कुणीतरी भिकाऱ्याला हाकलतो, पुढच्याच वळणावर त्याची गाडी घसरते आणि व्हिडिओखाली कमेंट पडते, ‘कर्मा!’ असे व्हिडिओ आपण सगळेच बघतो, पुढे पाठवतो. त्यातले बरेचसे ठरवून शूट केलेले असतात हे माहीत असूनही बरं वाटतं. का?

कारण ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलोय. श्रावणात घरोघरी वाचल्या जाणाऱ्या कहाण्या आठवा. आटपाट नगर, राजा, गरीब ब्राह्मण, उतलेली-मातलेली राणी आणि शेवटी ज्याचं त्याला मिळतं. त्यात सोमवारची खुलभर दुधाची कहाणी सगळ्यात देखणी. राजा फर्मान काढतो की गावातलं सगळं दूध महादेवाच्या गाभाऱ्यात ओतायचं. लोक धाकानं लेकरं-वासरं उपाशी ठेवून दूध आणतात. गाभारा काही भरत नाही. एक म्हातारी मात्र घरच्यांना पाजते, वासरांना पाजते आणि उरलेलं खुलभर दूध घेऊन येते. गाभारा भरतो. राजा कारण विचारतो तेव्हा ती सांगते, भुकेल्यांचे तळतळाट लागलेलं दूध देवाला कसं पोचेल? या कहाणीत मागच्या जन्माचं नावही नाही. चूक राजाची आहे आणि ती त्याला तोंडावर सांगितली जाते.

संचित, प्रारब्ध, क्रियमाण

आपण बोलताना नशीब, दैव, कर्म हे शब्द एकाच अर्थानं वापरतो. शास्त्रकारांनी कर्माचे तीन भाग केलेत. आजवरच्या सगळ्या जन्मांत साठलं ते संचित, त्यातला जो वाटा या जन्मात भोगायला आला ते प्रारब्ध आणि आत्ता आपल्या हातून घडतंय ते क्रियमाण. ‘भोग आहेत बाई’ असं आजी म्हणते ते प्रारब्धाबद्दल. व्हिडिओतलं ‘कर्मा’ मात्र क्रियमाणाचं तिथल्या तिथे मिळालेलं फळ. ते दिसतं तरी. प्रारब्धाचा हिशेब कुणालाच दिसत नाही आणि घोळ तिथेच आहे. न दिसणारा हिशेब कुणीही कुणाच्याही नावावर मांडू शकतो.

चोखोबांचं काय चुकलं होतं?

वाशिमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, देऊळगाव राजा तालुक्यात मेहुणा राजा हे गाव आहे. परंपरेनं संत चोखामेळा तिथले. त्यांच्या काही अभंगांत आपला ‘हीन’ जन्म मागच्या पापाचं फळ असल्याची भावना येते, तर काहींत सोवळ्या-ओवळ्यावरच बोट ठेवलेलं दिसतं. त्यांचा मुलगा कर्ममेळा जास्त कडक. त्याच्या नावातच कर्म आहे, पण तो देवालाच जाब विचारतो.

१३३८ मध्ये मंगळवेढ्यात गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, अशी आख्यायिका आहे. समाधी बांधली ती मात्र महाद्वारासमोर, देवळाच्या बाहेर.

आपण असं का करतो?

अमेरिकेत १९६६ मध्ये मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थिनींना पडद्यावर एक मुलगी दाखवली. उत्तर चुकलं की तिला विजेचा झटका बसतो, असं त्यांना भासवलं होतं. (प्रत्यक्षात तो अभिनय होता.) तिचा त्रास थांबवता येईल असं वाटलं तेव्हा बघणाऱ्यांच्या मनात तिची किंमत घसरली नाही. पण त्रास चालूच राहणार असं ज्यांना सांगितलं, त्या बघ्या तिला नावं ठेवू लागल्या. जग न्यायी आहे हा विश्वास मोडण्यापेक्षा ‘तिचंच काहीतरी चुकलं असेल’ हे म्हणणं सोपं गेलं.

आता हे रिसोड तालुक्यातल्या केनवडसारख्या गावात आणून बघा. कोरडवाहू सोयाबीन आणि तूर, म्हणजे निम्मं नशीब आभाळाच्या हातात. २००६ मध्ये केंद्रानं शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना विशेष पॅकेज दिलं, त्यांत वाशिम होता. पाऊस, भाव, कर्ज ही कारणं मोजता येतात. पण मागे राहिलेल्या बाईला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणायला कुठलंच मोजमाप लागत नाही. लर्नरच्या प्रयोगातल्या बघ्या आणि ओसरीवर बसून असं बोलणारे यांच्यात मला तरी फारसा फरक दिसत नाही.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं करायला सांगितलं.

डॉ. आंबेडकरांनी हा धागा फार आधी पकडला होता. १९४८ मध्ये अस्पृश्यांवरचा ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर आला. त्यात कर्माला ते नाकारत नाहीत; आज केलेल्या कृतीचा परिणाम इथेच होतो आणि जगाची नैतिक व्यवस्था त्यावरच उभी आहे, हे त्यांना मान्य आहे. गतजन्माच्या कर्मानं माणूस गरीब होतो, हे मात्र ते फेटाळतात. त्यांच्या मते अशा सिद्धांतानं गरिबांच्या स्थितीची जबाबदारी राज्यावरून आणि समाजावरून निघून जाते.

राहिला चोखोबांचा हिशेब. पंढरपूरचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी १ मे १९४७ ला उपोषणाला बसले आणि दहा दिवसांनी मार्ग मोकळा झाला. महाद्वारासमोरच्या त्या समाधीला तोवर सहाशेहून अधिक वर्षं झाली होती.