हात सावरला, तोल राहिला

वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघे येथे माझे थोरले मामा राहत. कंपवातामुळे त्यांचा हात इतका थरथरे की कपातला निम्मा चहा बशीत सांडे. पुढे त्यांच्यावर ‘डीप ब्रेन स्टिम्युलेशन’ची शस्त्रक्रिया झाली. मेंदूत खोलवर बारीक तारा, छातीत कातडीखाली बॅटरी आणि तिच्यातून अखंड जाणारे विजेचे सौम्य स्पंद. घरी आल्यावर मामांनी भरलेला कप एका हाताने उचलला, तेव्हा मामींच्या डोळ्यांत पाणी आले. दोन महिन्यांनी तेच मामा न्हाणीपाशी वळताना पडले. ‘हात तर ऐकते आता, पाय काऊन नाही ऐकत?’ त्यांच्या या प्रश्नाने मला या आजाराच्या इतिहासाकडे नेले.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये सहा रुग्णांवरून एक निबंध लिहिला. त्यातले काही रुग्ण त्यांना रस्त्यातच दिसले होते. त्यामुळे थरथरीबरोबर त्यांची चालही डॉक्टरांच्या नजरेत भरली. धड पुढे झुकलेले आणि चालता चालता आपोआप धावण्याची ओढ. म्हणजे तोलाची तक्रार पहिल्या वर्णनापासूनच आहे.

उपचार मात्र आधी इतर लक्षणांवर सापडले. मेंदूत डोपामिन कमी पडते हे कळल्यावर १९६०च्या दशकात लेव्होडोपा हे औषध आले आणि ताठरलेली माणसे चालू लागली. पण काही वर्षांनी औषधाचा असर मध्येच ओसरू लागे, शरीराला नको त्या हालचाली जडत.

१९८७ मध्ये फ्रान्समधील ग्रेनोबल येथे डॉ. बेनाबिद यांनी वेगळी वाट धरली. तोवर थरथर थांबवण्यासाठी मेंदूतला छोटासा भाग जाळून निकामी करीत. त्याआधी जागा तपासायला वीज सोडत. वेगवान स्पंद दिले की थरथर थांबते, हे त्यांनी पाहिले. मग भाग जाळायचा कशाला? १९९३ पासून मेंदूतल्या दुसऱ्या केंद्रावर हाच उपाय झाला, तेव्हा ताठरपणा आणि मंदपणाही कमी झाला. मुंबईत जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी ही शस्त्रक्रिया रुजवली.

तोल का राहिला? ढोबळ नियम असा, की लेव्होडोपाने जे लक्षण सुधारते, तेच या शस्त्रक्रियेने सुधारते. थरथर हा त्याला अपवाद. ती गोळीने न थांबताही तारांनी थांबू शकते. तोल सांभाळणे केवळ डोपामिनवर अवलंबून नाही. मेंदूच्या देठातल्या इतर पेशीही त्यात असतात आणि आजार त्यांनाही पोखरतो. २००५ च्या सुमारास युरोपात त्या देठातच तारा बसवून पाहिल्या गेल्या. काहींचे पडणे कमी झाले, पण सर्वांना सारखा गुण आला नाही.

ब्रिटिश डॉक्टर पर्डन मार्टिन यांनी १९६०च्या दशकात एक साधी गोष्ट नोंदवली होती. जमिनीवर आडव्या रेघा दिसल्या की अडखळलेला रुग्ण पाऊल टाकतो. मामींनी ओसरीवर पांढरे पट्टे ओढले. जागेवर न वळता मोठा फेरा घेऊन वळायला मामांना व्यायामोपचार करणाऱ्या ताईंनी शिकवले. पडणे थांबले नाही, पण कमी झाले.

शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या घरांनी डॉक्टरांना एक प्रश्न आधीच विचारावा : गोळीचा पूर्ण असर असताना यांचा तोल सुधारतो का? आम्ही तो विचारला नव्हता. आम्ही फक्त हाताकडे पाहत होतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)