परांड्याची तोफ आणि गोठ्यातील माती

1/ फर्ड्या वक्त्याला मराठीत ‘मुलुखमैदान तोफ’ म्हणतात. आज विजापूरच्या तटावर असलेली ही तोफ काही काळ धाराशिव जिल्ह्यातील परांड्याच्या किल्ल्यात होती. 1549 मध्ये मुहम्मद बिन हसन रूमी याने ती ओतली. 1632 मध्ये ती परांड्याहून विजापुरास नेण्यात आली. तिचे बळ मात्र केवळ धातूचे नव्हते. ते दारूचे होते, आणि दारूचे मूळ गोठ्यात होते.

2/ दारूचे घटक तीन: कोळसा, गंधक आणि सोरा. वजनाने सुमारे तीन चतुर्थांश वाटा सोऱ्याचा. जळतात कोळसा व गंधक. त्यासाठी लागणारा प्राणवायू सोरा पुरवतो. म्हणूनच बाहेरची हवा न पोचणाऱ्या नळीतही दारू क्षणात भडकते.

3/ सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. त्यातील नायट्रेटमध्ये नत्राच्या एका अणूशी प्राणवायूचे तीन अणू जोडलेले असतात. हवेत 78 टक्के नत्र आहे. पण त्याचे अणू जोडीजोडीने इतके घट्ट बांधलेले, की पिकाला तो थेट घेता येत नाही. तूर-हरभऱ्याच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हा बंध तोडतात. पुढे तोच नत्र चाऱ्यातून जनावरांत जातो.

4/ जनावराच्या मूत्रातील युरियाचा मातीत अमोनिया होतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तर काही नायट्राइटचे नायट्रेट. जुन्या गोठ्यांच्या मातीत ते साचत जाते.

5/ सोरा करणारे अशी माती पाण्यात भिजवून ते पाणी गाळून घेत. लाकडाच्या राखेतून पोटॅशियम मिळे. मग पाणी आटवून निववले, की स्फटिक धरत. मीठ गार पाण्यातही विरघळलेले राहते, सोरा तळाशी बसतो. जिवाणू कोणी पाहिले नव्हते. ही खूण मात्र हाताला पक्की ठाऊक होती.

6/ 1600 मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती गेले आणि परांडा काही काळ निजामशाहीची राजधानी झाला. 1634 मध्ये मोगलांनी घातलेला वेढाही या किल्ल्याने परतवला. वेढ्यात कोरडी दारू तटाइतकीच मोलाची असे.

7/ 1913 मध्ये जर्मनीतील ओप्पाऊ येथे हवेतील नत्रापासून अमोनिया करणारा कारखाना सुरू झाला. त्यातून खत आले आणि स्फोटकेही. परांड्याच्या तोफेच्या काळी मात्र शेताची आणि तोफेची भूक बव्हंशी एकाच मातीवर भागत होती. तोफ ओतणाऱ्याचे नाव तिच्यावर कोरलेले आहे. सोरा शिजवणाऱ्यांचे कोठेही नाही.