एकवीस घरांतील देवनागरी

घरगुती संगणकांचा इतिहास बहुधा उद्योगाचा इतिहास म्हणून लिहिला जातो: कोणी काय विकले आणि कोण बुडाले. ती हकीकत थोडक्यात सांगता येते. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने १९८१ साली झेडएक्स ८१ आणि पुढच्याच वर्षी स्पेक्ट्रम बाजारात आणला. त्याच सुमारास इंग्लंडात बीबीसी मायक्रो आणि अमेरिकेत कमोडोर ६४ आला. १९८६ मध्ये सिंक्लेअरचा संगणक-व्यवसाय ॲमस्ट्रॅडने घेतला, १९९४ मध्ये कमोडोरचे दिवाळे वाजले. आम्ही हौसेपोटी ही यंत्रे वर्षानुवर्षे हाताळली, आणि आम्हांस ती आठवतात ती मात्र बोलींसारखी.

हे रूपक आम्ही ओढूनताणून आणलेले नाही. यंत्र सुरू करताच समोर येई ती एक भाषा, बेसिक. केमेनी आणि कुर्ट्झ या डार्टमथच्या दोघा प्राध्यापकांनी १९६४ साली ती सिद्ध केली होती. परंतु दर यंत्रागणिक तिचे रूप पालटले. एका यंत्रासाठी मासिकात छापलेला कार्यक्रम दुसऱ्यावर चालवायचा तर अक्षरशः अनुवाद करावा लागे, आणि अनुवादात जे हरवते ते इथेही हरवे.

सिंक्लेअरच्या बोलीत शब्द अक्षरांनी बनतच नसे. ओळीच्या आरंभी 'पी'ची कळ दाबली की 'प्रिंट' हा आख्खा शब्द उमटे. झेडएक्स ८१ची मूळ स्मृती अवघी १०२४ अक्षरांएवढी. तीत पाच अक्षरी शब्द एका अक्षराच्या जागेत बसवण्याची ही काटकसर होती. स्पेक्ट्रमची स्मृती वाढली तरी ती सवय सुटली नाही. कमोडोर ६४ची गोष्ट उलटी. त्याची ध्वनिनिर्मिती समकालीनांना हेवा वाटावा अशी. पण त्याच्या बेसिकपाशी ध्वनीसाठी शब्दच नव्हता. स्मृतीतील पत्ता शोधायचा आणि 'पोक' म्हणून तिथे आकडा खुपसायचा. पडद्याच्या किनारीच्या रंगाचा पत्ता ५३२८०. तो आम्हांस अजून पाठ आहे, मित्रांचे दूरध्वनी क्रमांक नाहीत. बीबीसी मायक्रोचे बेसिक सोफी विल्सन यांनी घडवलेले. त्यात कार्यक्रमाच्या भागांना नावे देता येत, वाक्यरचना नेटकी राही. १९८४ साली सुरू झालेल्या 'क्लास' प्रकल्पातून हे यंत्र भारतीय शाळांत आले. शाळेसाठी ते शोभलेही. आमचे प्रेम मात्र स्पेक्ट्रमच्या गावरान बोलीवर.

स्पेक्ट्रमची परवानाप्राप्त भारतीय आवृत्ती पुढे निघाली, आणि आमच्या घरी ती आली तेव्हा पहिली इच्छा झाली ती पडद्यावर मराठी उमटवण्याची. या यंत्रात वापरणाऱ्याने स्वतः घडवावीत अशा चिन्हांसाठी एकवीस घरे राखून ठेवलेली होती, रोमन 'ए'पासून 'यू'पर्यंत. प्रत्येक घर आठ ठिपके रुंद आणि आठ ठिपके उंच. चौकटीच्या वहीत घर आखायचे, ठिपका असेल तिथे एक, नसेल तिथे शून्य, आणि अशा आठ ओळी यंत्राला सांगायच्या.

शिरोरेषा सहज जमली. घरे एकमेकांना भिडून असल्याने ती अखंड धावे. अडले ते पुढे. वरची एक ओळ शिरोरेषेला, तिच्यावर वेलांटी-मात्रेला दोन-तीन, खाली उकाराला दोन. उरलेल्या दोन-तीन ठिपक्यांच्या उंचीत 'क' आणि 'फ' वेगळे दाखवून पाहावेत! शेवटी एका अक्षराला खाली-वर दोन घरे दिली, म्हणजे एकविसांची साडेदहा अक्षरे झाली. स्मृतीतील एक पत्ता बदलला की घरांचा दुसरा संच वापरता येतो, हे आम्हांस फार उशिरा कळले. तोवर आम्ही जी मुळाक्षरे घडवू शकलो तेवढ्यांतूनच शब्द शोधत होतो. म्हणजे सांगायचे ते ठरवून मग अक्षरे शोधण्याऐवजी, अक्षरे पाहून काय सांगता येईल ते ठरवीत होतो.

बोलींचा कैवार घेणाऱ्या आमच्यासारख्यांना यापुढचा इतिहास अडचणीचा आहे. देवनागरीला संगणकावर घर मिळाले ते या रंगीबेरंगी यंत्रांत नव्हे. कानपूरच्या आयआयटीत जन्मलेले 'जिस्ट' तंत्र सी-डॅकने पुढे नेले, आणि ते आयबीएम पीसीच्या सुसंगत यंत्रांत बसवायच्या कार्डाच्या रूपाने पसरले. म्हणजे ज्या एकसाची यंत्राने आमच्या बोली पुसल्या, त्याच्याच पाठीवरून. 'इस्की' हे भारतीय लिप्यांचे प्रमाण १९९१ साली मान्य झाले, आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला, तोही 'इस्की'च्या आधीच्या, १९८८च्या मांडणीवर बेतून. प्रमाणीकरणाविरुद्ध वर्गात आम्ही जे बोलत आलो ते मागे घ्यावे असे आम्हांस वाटत नाही. पण ते बोलणे ज्या लिपीत टंकून छापखान्याकडे धाडले, ती प्रमाणीकरणाचीच देणगी आहे, हेही नाकारता येत नाही.

त्या पहिल्या संचाची कॅसेट अद्याप आहे. मध्यंतरी तिचा आवाज आजच्या संगणकात उतरवून स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या आज्ञावलीला ऐकवला. दोनदा फसले, तिसऱ्या खेपेस पडद्यावर अक्षरे आली. क, म, न, र, त आहेत. 'ळ' नाही, त्याला घर उरले नव्हते.