छर्‍याच्या काडतुसातून धूर कसा गेला

काळ्या दारूत साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असते. ती जळाली की निम्म्याहून अधिक वजनाचे घन क्षारच उरतात. काही पांढरा धूर होऊन नेमबाजापुढे तरंगतात, बाकीचे नळीत थर धरतात. हे क्षार ओल शोषतात. म्हणून शिकारीहून परतल्यावर नळी लगेच पाण्याने धुवावी लागे. आळस केला की गंज ठरलेला.

१८४६ मध्ये बाझेलच्या शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर आम्लांची क्रिया करून गनकॉटन तयार केले. त्याला धूर नव्हता, पण लगामही नव्हता. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये फेव्हरशॅमचा कारखाना उडाला. वाट काढली ती १८६० च्या दशकात प्रशियाच्या कॅप्टन शुल्त्सेने: कापसाऐवजी त्याने लाकडाचे बारीक कण वापरले. ही दारू रायफलला झपाट्याची ठरली, छर्‍याच्या बंदुकीला मात्र मानवली. १८८२ मध्ये स्टोमार्केटची ‘ई. सी.’ दारू आली.

या दोन्ही दारू काळ्या दारूच्याच मापाने, म्हणजे आकारमानाने, भरता येत. जुने माप टाकावे लागत नसे. पुढच्या नायट्रोग्लिसरीनयुक्त घट्ट दारूंना ही सवलत नव्हती. जुने माप काठोकाठ भरणार्‍याची बंदूकच फुटण्याचा धोका असे. अमेरिकी काडतुसांच्या खोक्यांवर अजूनही दिसणारा ‘ड्रॅम इक्विव्हॅलंट’ हा आकडा त्याच संक्रमणातला. तो काळ्या दारूशी तुलना दाखवतो, आतल्या दारूचे वजन नव्हे.

धूर गेला तरी गंज पुरता गेला नाही. दोष दारू पेटवणाऱ्या कॅपमधल्या पोटॅशियम क्लोरेटचा होता. त्यापासून मिठासारखाच क्षार नळीत उरे. न गंजवणार्‍या कॅप १९२० च्या दशकात बाजारात येऊ लागल्या.

१९३२ मध्ये हर्क्युलिस कंपनीने ‘रेड डॉट’ दारू आणली: करड्या चकत्यांत ओळखीपुरत्या लाल चकत्या. पुढे घरी काडतुसे भरणार्‍यांची ती आवडती झाली. ‘स्वच्छ जळणारी’ ही जाहिरात मात्र अर्धीच खरी. छर्‍याच्या काडतुसात दाब रायफलपेक्षा बराच कमी असतो, त्यामुळे चटकन जळणारी दारूच तिथे पुरती जळते. मंद दारू हलक्या छर्‍यामागे भरली, काडतुसाच्या तोंडाची घडी सैल राहिली किंवा थंडी कडक पडली, तर नामांकित दारूच्याही अर्धवट जळालेल्या चकत्या नळीत सापडतात. १९६० च्या दशकात रुळलेल्या प्लॅस्टिकच्या वाटीने वायू मागे अडवून धरला आणि दाब टिकवला. नळी स्वच्छ राहण्यात तिचाही वाटा मोठा आहे.